एकोणिसावं कलम पूर्ण वाचा

मसुदा समितीत नऊ माणसं होती आणि त्यांतली आठ एकमेकांची जुनी ओळखीची होती. कोणी एका वर्गात शिकलेले, कोणी एका तुरुंगात बसलेले, कोणी एकमेकांचे व्याही. नववी होती बांधणीवाली. छापखान्यांत पुस्तकं बांधणाऱ्या बायकांच्या संघटनेनं तिला निवडून पाठवलं होतं आणि 'कामगारांचंही कोणीतरी दिसायला हवं' म्हणून समितीनं तिला घेतलं होतं. दिसायला हवं, एवढंच. ती बोलेल असं घेणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

देश नवा होता, पण बसायला जागा जुनीच मिळाली होती. जकात कचेरीचा वरचा दिवाणखाना, लांबलचक टेबल, त्यावर शाईचे डाग पडलेलं हिरवं कापड, आणि एक खिडकी जी उघडली की बंद व्हायची नाही. त्या टेबलाभोवती सव्वा वर्ष राज्यघटना लिहिणं चालू होतं. कोणाचा कोणावर विश्वास नव्हता. रात्रीतून कोणी स्वल्पविराम पळवेल अशी प्रत्येकाला भीती. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक चमत्कारिक नियम झाला: मूळ प्रत एकच, आणि तिच्यावर कोणीही पेन चालवायचं नाही. प्रत्येक कलम वेगळ्या पट्टीवर टाइप करायचं आणि एका मोठ्या वहीत चिकटवायचं. कलम बदललं की जुनी पट्टी काढून नवी लावायची. कलम दुसऱ्या प्रकरणात गेलं की पट्टी उचलून तिकडे न्यायची. खाडाखोड नाही, तर भांडण नाही.

भांडणं झालीच, पण ती गोंदावरून. बाजारातला गोंद उन्हाळ्यात वाळून पट्ट्या सुटायला लागल्या. एकदा न्यायालयांबद्दलचं अख्खं कलम झाडूवाल्याच्या सुपलीत सापडलं. तेव्हा बांधणीवालीनं घरून डबाभर खळ करून आणली. मैदा, तुरटी, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. सचिवांच्या हातात डबा देताना तिनं सांगितलं, "पहिल्या दिवसात पट्टी उचलली तर उचलली. एकदा वाळली की कागद फाटेल, पण ही सोडायची नाही." सचिव म्हणजे अत्यंत काटेकोर माणूस. त्यांनी हे वाक्य टिपणवहीत लिहून घेतलं आणि पान उलटलं.

समितीतल्या वर्षभरात बांधणीवालीनं स्वतःचं असं एकच कलम मिळवलं होतं. एकोणिसावं. जुन्या राजवटीचा एक हजेरी कायदा होता. मळ्यावरच्या मजुरानं मालकाच्या परवानगीशिवाय काम सोडलं तर दोन वर्षं तुरुंग. चोरी नाही, मारामारी नाही, नुसतं काम सोडलं म्हणून. एकोणिसाव्या कलमानं तो कायदा मोडीत निघणार होता. बाकीच्या आठांनी भाषणं ठोकून त्याला मान्यता दिली होती, आणि त्या दिवशी ती घरी चालत न जाता जवळजवळ धावत गेली होती.

कारण घरी तिची ताई लपून बसली होती.

ताई वीस वर्षं मळ्यावर पानं खुडत होती. आई मरायला टेकली तेव्हा तिनं चार दिवसांची रजा मागितली. मुकादम म्हणाला, हंगाम संपल्यावर बघू. हंगाम संपेपर्यंत आई थांबणार होती थोडीच. आई गेली, आणि महिन्याभरानं ताई रजा न मागताच निघाली आणि बहिणीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या नावाचं वॉरंट निघालं. चार महिने ती बहिणीच्या मागच्या खोलीत होती, खिडकीचा पडदा ओढून. घटना लागू झाली की ती मोकळी होणार होती. नाही झाली तर दोन वर्षं.

आणि मग सोमवारी सौदा झाला.

सौदे दिवाणखान्यात होत नसत. ते खाली, ओव्हरकोट आणि छत्र्या ठेवायच्या खोलीत होत. तिथून वर आलेल्या माणसांचे चेहरे बघूनच बांधणीवालीला पाणी कुठे मुरतंय ते कळलं. मळेवाल्यांच्या गटाकडे सभागृहात एकसष्ट मतं होती. त्यांनी म्हटलं, सगळ्यांना मताचा अधिकार द्या, बाईला द्या, मजुराला द्या, आम्ही आड येत नाही. पण एकोणीस तिथून हलवा. कुठे हलवायचं तेही त्यांनीच सुचवलं. घटनेच्या शेवटी 'राष्ट्राची ध्येये' नावाचं एक प्रकरण होतं. त्यात सगळ्यांना घर, सगळ्यांना स्वच्छ पाणी, शेजारी देशांशी सलोखा, असं सगळं छान छान होतं, आणि त्यातल्या कशाबद्दलही कोर्टात जाता येणार नव्हतं. बांधणीवाली त्याला माळा म्हणायची. घरात नको, पण टाकायची लाज वाटते, अशी वस्तू माळ्यावर जाते. कलमांचंही तेच.

आठ विरुद्ध एक असं ठरलं. एक म्हणजे तीच.

जिन्यात तिला मास्तरांनी गाठलं. मास्तर म्हणजे त्या आठांतलेच एक, स्वातंत्र्याच्या पक्षाचे नेते, तीनदा तुरुंगात गेलेले, आणि त्याआधी संध्याकाळच्या वर्गात बांधणीच्या बायकांना अक्षरं शिकवणारे. तिला वाचायला शिकवलं ते त्यांनीच. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं, आणि म्हणूनच राग जास्त येत होता.

"चिडलीस," मास्तर म्हणाले.

"नाही. माझं कलम ओवाळून टाकलंत, म्हणून आनंदानं नाचतेय."

"नीट ऐक. ते एकसष्ट जण उठून गेले तर तीन चतुर्थांश होत नाही. तीन चतुर्थांश नाही तर घटना नाही. मग मत कोणालाच नाही. तुझ्या ताईला मत नको का?"

"तुरुंगात मतपेटी नेणार आहात का तुम्ही?"

मास्तर कठड्याला टेकले. त्यांचे गुडघे गेलेले होते आणि हे सगळं जिन्यात उभं राहून बोलणं त्यांना जड जात होतं. "मी शब्द देऊन बसलोय," ते म्हणाले. "सभागृहात एकोणिसावर मतदान झालं, तर आमच्या पक्षाची मतं त्यांच्याबरोबर पडणार. शब्द मोडला तर पुढे कोणी माझ्याशी बोलायला बसणार नाही."

"आणि ताईला मी काय सांगू?"

"थोडा धीर धर म्हणावं. पाच वर्षांत तेही होईल."

"मास्तर, पाच वर्षं धीर धरायचा सल्ला नेहमी मोकळ्या माणसाकडूनच कसा येतो?" ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. घरी जाऊन तिनं ताईला सगळं सांगितलं. ताईनं उठून पडद्याची फट बंद केली.

सभागृहातलं शेवटचं वाचन शनिवारी होतं. त्याआधी सदस्यांसाठी दोनशे चाळीस छापील प्रती बांधायच्या होत्या, आणि ते काम नेमकं बांधणीवालीच्याच कारखान्याला मिळालं होतं. सदस्य झाली म्हणून तिनं सकाळचं काम सोडलं नव्हतं. गुरुवारी छापखान्यातून फर्मे, म्हणजे छापलेले मोठे ताव आले, अजून शाईचा वास येणारे. ती घड्या घालत होती. बांधणीवाले वाचत नाहीत, पानांचे आकडे बघतात. अकराव्या पानाचा आकडा बघताना तिची नजर खाली घसरली.

एकोणीस. जिथल्या तिथे.

तिनं हातातलं पान खाली ठेवलं, शेवटचा फर्मा ओढला आणि माळा काढला. तिथेही होतं! एकशे अठ्ठ्याण्णव या आकड्याखाली तीच वाक्यं.

काय झालं असेल ते तिच्या क्षणात लक्षात आलं, कारण ते तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात येणंच शक्य नव्हतं. सचिव एकोणिसाची पट्टी उचलायला गेले असणार. तीन महिन्यांपूर्वी लावलेली पट्टी. सुटली नसणार. पेन चालवायची बंदी. तेव्हा त्यांनी माळ्यावर चिकटवायला नवी पट्टी टाइप करून घेतली, आणि जुनीवर कोरा कागद डकवायचं मनात ठेवलं. तोवर छापखान्याचा माणूस वही घ्यायला दारात हजर. काटेकोर माणसाची चूक अशीच होते, ती पूर्ण विचारांती होते.

तिला हसू फुटलं. आता करायचं एवढंच होतं की काहीच करायचं नव्हतं. शेवटच्या वाचनात सचिव नुसते कलमांचे आकडे पुकारणार, सभागृह 'मान्य' म्हणणार. दोनशे बारा कलमं पूर्ण वाचायला कोणाला वेळ होता? झाकली मूठ झाकलीच ठेवायची.

घरी ताई खिडकीखाली बसून फर्मे शिवत होती. चार महिने ती बसून खात नव्हती. बहिणीच्या वाट्याचं अर्धं काम तीच करायची. मांडीवर घटनेचीच पानं होती. तिला वाचता येत नव्हतं, पण टाका असा घालायची की पान फाटेल, शिवण उसवणार नाही.

बांधणीवालीनं दार लावलं आणि एका दमात सांगून टाकलं. ताईनं सुई थांबवली.

"वाच बघू मला ते."

"काम सोडल्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही. अशी शिक्षा सांगणारा प्रत्येक जुना कायदा ही घटना लागू होईल त्या दिवशी रद्द होईल, आणि त्याखाली कोंडलेली प्रत्येक व्यक्ती त्याच दिवशी मोकळी होईल."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"छान आहे," ताई म्हणाली. "आणि शनिवारी तू गप्प बसणार."

"गप्प बसले तर ते तसंच पास होतंय, ताई!"

"मग मळ्यावरच्या बायकांना ते कळणार कधी?"

"कोणीतरी कोर्टात जाईल तेव्हा."

"आणि कोर्टात मळेवाल्यांचा वकील उठून म्हणाला की हे चुकून छापलंय, सचिवांना विचारा, तर?"

सचिव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. विचारलं तर ते टिपणवही काढून तारीख, वार आणि खळीची कृती सांगितल्याशिवाय राहिले नसते.

"आणि मोठ्यानं वाचलं आणि त्यांनी काढून टाकलं तर?" बांधणीवाली म्हणाली. "दोन वर्षं आहेत, ताई. तुझं वय बघ. तिथून तू परत येशील का, याची मला खात्री नाही."

"मला तरी कुठे आहे?" ताईनं दोरा दातानं तोडला. "चार महिने मी या फटीतून रस्ता बघतेय. शेजारीण आली की पलंगाखाली. खोकला आला तर उशीत तोंड. मी लपले ते लपले, आता माझा हक्कसुद्धा पलंगाखाली लपवणार आहेस का तू? वाच. सगळ्यांसमोर वाच. काढून टाकायचं असेल त्यानं उभं राहून काढावं. तोंड तर दिसेल मेल्याचं."

"ताई..."

"आणि मी येणार आहे बघायला."

"तुला पकडतील!"

"आतसुद्धा?"

"आत नाही. सभागृहाच्या फाटकाच्या आत पोलिसांना कोणाला हात लावता येत नाही."

"मग आत बसते. बाहेरचं बाहेर बघू." आणि ती पुढचा फर्मा शिवायला लागली.

शनिवारी बांधणीच्या बायका कारखान्याला अर्धी सुट्टी टाकून पहाटेपासून गॅलरीसाठी रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या घोळक्यात मान खाली घालून ताई आत शिरली, आणि आत आल्यावर तिनं मान वर केली ती पुन्हा खाली घेतली नाही. पहिल्या रांगेत, कठड्यावर दोन्ही कोपर टेकवून बसली. मळ्यांच्या पट्ट्यातून आलेली माणसंही होती, वर्तमानपत्रवाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मत मिळणार म्हणून लोक लोटले होते.

अध्यक्ष पूर्वीचे न्यायाधीश. त्यांनी सचिवांना खूण केली. "एक," सचिव म्हणाले. "मान्य," सभागृह म्हणालं. "दोन." "मान्य." दहाव्या कलमापर्यंत ते 'मान्य' घोरण्यासारखं एका सुरात यायला लागलं होतं. मास्तर डोळे मिटून बसले होते. मळेवाल्यांचे पुढारी छापील प्रत न उघडता तिच्यावर हात ठेवून बसले होते. सगळे त्यांना थोरले म्हणायचे. सौदा झालाय, मग वाचायचं कशाला?

"एकोणीस."

"थांबा," बांधणीवाली म्हणाली. उठताना तिची खुर्ची मागे पडली आणि त्या आवाजानं मास्तरांनी डोळे उघडले. "एकोणिसावं कलम पूर्ण वाचा."

"काही खास कारण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण द्यावं लागतं असं नियमात नाही. सदस्यानं मागितलं तर वाचायचं, एवढंच आहे."

अध्यक्षांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी सचिवांकडे बघितलं. सचिवांनी पान उघडलं, "काम सोडल्याबद्दल कोणालाही" एवढं वाचलं आणि ते पांढरे पडले. पण वाचायला सांगितलं होतं, म्हणून शेवटपर्यंत वाचलं. गॅलरीत कुजबुज उठली आणि कुजबुजीची टाळी झाली. अध्यक्षांनी हातोडा आपटला.

"ही चूक आहे," सचिव म्हणाले. "माझी चूक आहे, महाशय. हे कलम हलवायचं ठरलं होतं, पण जुनी पट्टी निघाली नाही."

"पट्टी निघाली नाही, हे कारण मी कामकाजात नोंदवू का?"

सभागृह हसलं. सचिव बिचारे खाली बसले. बांधणीवालीला त्यांची दया आली, पण ती उभीच राहिली.

अध्यक्ष म्हणाले, "सभागृहासमोर छापील प्रत आहे. छापलंय ते आहे. कोणाला काढायचं असेल तर प्रस्ताव मांडावा, अनुमोदन द्यावं, आणि मग नावानिशी, उभं राहून मतदान होईल. प्रस्ताव कोण मांडतंय?"

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? दोनशे चाळीस सदस्य, आणि जो तो आपल्या प्रतीत डोकं खुपसून बसलेला. कोटांच्या खोलीत हे केवढं सोपं होतं! तिथे वर कोणी बघत नव्हतं. बांधणीवालीनं थोरल्यांकडे तोंड केलं आणि तशीच बघत राहिली. थोरल्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धे उठले, आणि त्यांची नजर वर गेली. पहिल्या रांगेत कोपर टेकून बसलेली बाई त्यांनी ओळखली की नाही, कोण जाणे. पण तिच्या मागची मळ्यांवरची माणसं त्यांनी नक्की ओळखली. त्यांच्या एका मतदारसंघात चाळीस हजार पानं खुडणारे हात होते, आणि आठव्या कलमात, दहा मिनिटांपूर्वी, त्या चाळीस हजारांना मत मिळालं होतं. सौद्यात ते थोरल्यांनीच दिलं होतं.

ते खाली बसले आणि मास्तरांकडे बघायला लागले. बघणं कसलं, वसुलीच ती.

मास्तर उठले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. हा माणूस शब्दाला जागतो, हे बांधणीवालीला ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं तर संपलंच.

"मी एक शब्द दिलाय," मास्तर म्हणाले. "या कलमावर मतदान झालं, तर माझा पक्ष काढण्याच्या बाजूनं मत देईल. तो शब्द मी पाळणार, माझ्या मनाला कितीही लागलं तरी पाळणार." ते थांबले. "पण प्रस्ताव मांडायचा शब्द मी दिलेला नाही. तो कोणी मागितलाही नव्हता. ज्यांना हवंय त्यांनी मांडावा." आणि ते बसले.

"मास्तर!" थोरले बसल्या जागेवरून ओरडले.

"उभं राहून बोला," अध्यक्ष म्हणाले. "प्रस्ताव आहे का?"

थोरले उभे राहिले नाहीत. अध्यक्षांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट जाऊ दिलं.

"प्रस्ताव नाही. एकोणीस."

"मान्य," बांधणीवाली म्हणाली. आधी तिची एकटीचीच हाक, मग मागून चार, मग सगळी बाकं. थोरल्यांच्या एकसष्टांतले कित्येक जण ओठ हलवत होते. काय पुटपुटत होते ते त्यांनाच माहीत, पण हललेले ओठ गॅलरीतून दिसत होते आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी चारच्या सुमारास दोनशे बारावं कलम संपलं. घटना पास झाली आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू व्हायची होती. म्हणजे अकरा दिवसांनी.

बांधणीवाली दोन दोन पायऱ्या उतरत खाली आली. ताई फाटकाच्या आत, बायकांच्या घोळक्यात उभी होती. फाटकाच्या बाहेर दोन पोलीस होते आणि त्यांच्याजवळ मळ्याचा मुकादम, बोटानं दाखवत.

"आत चल," बांधणीवाली म्हणाली. "मागच्या दारानं जाऊ. अकरा दिवस कुठेतरी ठेवते मी तुला. मी सदस्य आहे, मी बोलते त्यांच्याशी."

"काही बोलू नकोस." ताईनं तिचा हात धरला. तिची बोटं सुईनं खरबरीत झाली होती. "अजून अकरा दिवस पलंगाखाली? मला नाही जमायचं गं. हे अकरा दिवस मी उजेडात काढते."

"तुरुंगात?"

"तिथेही बायका आहेत ना याच गुन्ह्याच्या? त्यांना कोण सांगणार काय पास झालं ते? मला तोंडपाठ आहे. तूच दोनदा वाचलंस."

बांधणीवाली रडायला लागली. रागानं रडत होती की अभिमानानं, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ताईनं तिचे डोळे पुसले नाहीत. तिनं हात सोडला आणि सरळ फाटकाबाहेर गेली.

"कोणाला शोधताय?" तिनं पोलिसांना विचारलं. "मीच ती. चला. अकरा दिवसांनी दार तुम्हालाच उघडायचंय, तेव्हा किल्ली नीट ठेवा."

दोघांतला वयस्कर पोलीस गोंधळला. ज्याला पकडायचं त्या माणसानं पळायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानं खिशातून कागद काढला, पेन्सिलीला थुंकी लावली आणि रकाने भरायला लागला. नाव लिहिलं. वय लिहिलं.

"काम कुठे करता?"

मुकादमानं मळ्याचं नाव सांगायला तोंड उघडलं. ताईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काम सोडलंय," ती म्हणाली. "तसंच लिहा."